सभ्य हातमोजे

मंदाकिनी खोबरेकरांना त्या माणसाच्या थोबाडीत द्यायची होती, पण त्यांच्या हातमोज्यांनी हात जोडून त्याला सुरेख नमस्कार केला.

"बघा, मणका मोडलेल्या ताई कशा नमस्कार करतात!" हॉस्पिटलच्या वॉर्डात आलेले, हातमोजे बनवणाऱ्या कंपनीचे संचालक कॅमेऱ्याकडे बघून हसले. हे हातमोजे डोक्यातली इच्छा ओळखून लुळे हात हलवत, आणि इच्छा उद्धट असली तर परस्पर तिला सभ्य करून टाकत. कबड्डीच्या पंचगिरीत हयात गेलेल्या मंदाकिनीबाईंना असल्या गुळगुळीत सभ्यतेची शिसारी येई.

"आता कणीक मळायचे, बटणं लावायचे ते पोरखेळ बंद," संचालक म्हणाले. "थेरपीच्या खोलीत आमची शोरूम होणार. ताईंची संमती आहेच!"

हातमोज्यांनी पुन्हा हात जोडले.

थेरपिस्ट नूतन कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. वर्षभर रोज तिनेच बाईंचा अंगठा कणकेच्या गोळ्यात रुतवून घेतला होता.

"नूतन, हे सोंग उतरव गं," बाई म्हणाल्या.

तिने उजवा हातमोजा काढला. हात ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडला. संचालकांनी कीव आल्यासारखं च्‌च्‌ केलं. बाईंनी दात आवळले, कपाळावर घाम फुटला, आणि त्यांचा अंगठा थरथरत, सावकाश उभा राहिला.

"वा! थम्स अप!" संचालकांनी लगेच फोटो काढला.

"शहाणाच आहे मेला," बाई पुटपुटल्या आणि अंगठा डावीउजवीकडे डोलवू लागल्या. अख्खा वॉर्ड खदखदला, तेव्हा कुठे साहेबांना कळलं, की हा ठेंगा आहे.