भेगेवरची काच

डोंगराच्या डॉक्टरांची जीप वळणावर दिसली तशी थोरलीने बत्ता उचलला आणि भिंतीवरची काच फोडली. एकच घाव. मग बत्ता जागेवर ठेवून ती दारात येऊन उभी राहिली, चेहरा जमेल तेवढा घाबरलेला करून.

डोंगराच्या डॉक्टर हे वस्तीने ठेवलेलं नाव. बाई भूगर्भ खात्यात होत्या. उतार कुठे सरकतोय ते मोजायचं आणि नकाशावर रंग भरायचा, हे त्यांचं काम. ज्या ज्या घराच्या भिंतीला भेग, तिथे त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली होती. डोंगर हलला की भेग रुंदावणार, काच तुटणार. काच तुटली की घर नकाशावर लाल, आणि लाल घराला खाली सपाटीवर नवं घर.

धाकट्या जावेची काच आठ दिवसांपूर्वी तुटली होती. तेव्हापासून ती नव्या घराची किल्ली कमरेला लावून मिरवत होती. रविवारी जायचं ठरलं होतं. नव्या स्वयंपाकघरात ओटा अगदी खिडकीपाशी आहे, हे तिने थोरलीला चारदा ऐकवलं. थोरलीच्या नवऱ्याला स्वतःच्या घरातला बल्ब बदलायला पंधरा दिवस लागायचे. भावजयीचं कपाट बांधायला मात्र तो सकाळी सातला हजर. लग्न होऊन आधी आली थोरली. वरचं घर आलं थोरलीच्या वाट्याला. इतकी वर्षं पाण्याच्या बादल्या घेऊन चाळीस पायऱ्या जास्त चढली थोरली. आणि डोंगरानेही लाड करावेत ते धाकटीचे!

"कधी तुटली?" बाईंनी आत येत विचारलं.

"सकाळी. आपोआप. मी भांडी घासत होते, कट्टकन आवाज आला."

बाई काचेजवळ वाकल्या. "ओढ बसून तुटलेल्या काचेला एकच सरळ चीर जाते. तुमच्या जावेने फोटो पाठवला होता, त्यात होती तशी. इथे चांदणी उमटलीय. कशाने मारलंत?"

थोरलीचा बांध फुटला.

"मारलं. मग काय करू? डोंगर दोघींचा एकच ना? तो तिच्याच घरापुरता कसा हलतो?"

बाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. फुटकी पट्टी काढून नवी लावायची म्हणून त्यांनी एका टोकाला पटाशी टेकवली. टोक अलगद हातात आलं. सिमेंटच्या मागे भिंतीच्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला होता.

"ही या बाजूने भिंतीला धरूनच नव्हती," बाई हळूच म्हणाल्या. "रंग सुटलाय. भेग कितीही वाढली असती तरी ही तुटली नसती."

त्यांनी मोजपट्टीने भेग मोजली, वहीची मागची पानं उलटली, पुन्हा मोजली. वहीत सहा मिलिमीटर होते. आता एकोणीस. थोरली पाहतच राहिली. महिनाभर ती उठता-बसता काचेकडे बघत होती. भेगेकडे तिने बघितलंच नव्हतं.

बाई मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"मागे जमीन वीतभर फाटलीय. घरात आणखी कोण आहे?"

"कुणी नाही. हे कामावर, पोरं शाळेत."

"त्यांना मी फोन करते. काही घेऊ नका, जीपमध्ये बसा."

"म्हणजे आज? तिच्या आधी?"

"त्यांनाही बोलवा. तुमचं घर सुटलं तर त्यांच्याच छपरावर येणार."

"पण तिला रविवार दिलाय ना?"

बोलून गेली, आणि स्वतःचंच बोलणं तिच्या कानावर पडलं. थोरली अनवाणीच पायऱ्यांवरून खाली धावत सुटली.

धाकटी अंगणात चादरींचं गाठोडं बांधत होती. थोरलीला धापा टाकताना पाहून तिने भुवया उंचावल्या.

"काय हो जाऊबाई? तुमचीही तुटली वाटतं काच?"

"तुटली नाही. मी फोडली." हे शब्द तिच्यासमोर उच्चारणं थोरलीच्या जिवावर आलं. "पण भेग खरी आहे. माझं घर तुझ्या डोक्यावर येतंय. चल!"

"अहो, गाठोडं तरी..."

"मरू दे ते गाठोडं! चल म्हणते ना!"

तिने धाकटीचं मनगट धरलं आणि जीपपर्यंत सोडलं नाही.

जीप उतरणीला लागली. बाई गाडी चालवत होत्या. मागच्या सीटवर दोघी जावा गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. वर दोन्ही घरं एकाखाली एक, होती तशीच उभी होती. त्यातलं वरचं कुठल्या क्षणी खाली येईल ते सांगता येत नव्हतं. धाकटी मान वळवून कितीतरी वेळ त्याच घराकडे पाहत राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"कशाने फोडलीत?" तिने विचारलं.

"बत्त्याने."

धाकटीने पुढे बाईंकडे एक नजर टाकली. मग थोरलीच्या कानाशी वाकून ती पुटपुटली,

"ठोकायची नसते, जाऊबाई. दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. सरळ चीर जाते."