गलबत तरंगल्याचा खुलासा

या मायबापहो, अंमळ जवळ सरका. धाकू मेस्तरींची गोष्ट सांगतो.

संग्रहालयासाठी किनाऱ्यावर जुन्या आरमारी गलबताची प्रतिकृती बांधत होते. मेस्तरी रामनाम घेत फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होते. संग्रहालयाचे साहेब वैतागले. "अहो, हे नुसतं बघायचं गलबत, सिमेंटच्या ओट्यावर बसणार. फटी बुजवत बसाल तर कामावरून काढीन!"

'गळकं गलबत माझ्या हातून व्हायचं नाही,' मेस्तरी मनाशी म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप ठोकत राहिले.

पहिल्याच पावसाळ्यात उधाण आलं. तिकीटघर बुडालं, ओटा बुडाला. गलबतावरचे चाळीस पर्यटक देवाचा धावा करू लागले, तोच गलबत अलगद उठलं आणि डुलू लागलं. आत थेंबभर पाणी नाही! साहेबसुद्धा पोहत येऊन त्याच्याच दोराला लोंबकळले.

आठवड्याने मेस्तरींना साहेबांच्याच सहीची नोटीस आली : 'संग्रहालयातील वस्तू परवानगीविना तरंगली. खुलासा करावा.'

मेस्तरींनी खाली लिहिलं, 'रामाची मर्जी.'

तर मायबापहो, आज आरतीला हात जोडाल तेव्हा धाकू मेस्तरींची आठवण ठेवा. साहेबांची काळजी नको; त्यांचं नाव गलबतावर कोरलंय.