जिवंत पुरावा

अख्खं घर साथीच्या तापानं फणफणलं, पण पुढाऱ्याच्या बायकोला साधी शिंकही आली नाही. तेव्हापासून तो प्रत्येक सभेत तिला शेजारी उभं करू लागला. "ही बघा! आम्हा सगळ्यांचं हिनं उशाशी बसून केलं. हिच्या केसाला तरी धक्का लागला का? आणि हे निघालेत लस टोचायला!" टाळ्या पडायच्या. ती मान खाली घालून उभी असायची. बाई किती साधी आहे, असं लोक म्हणायचे.

एका सभेनंतर धाकट्या जावेनं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, माझ्या आईला दमा आहे. मी तिला लस द्यायला नेणार होते, पण तुम्हाला स्टेजवर बघून ती अडून बसलीय. माझ्या गळ्याची शपथ आहे, खरं सांगा. तुम्ही खरंच लस घेतलेली नाही?"

बाहेर नवरा फोनवर मोठमोठ्यानं हसत होता. निवडणुकीचं तिकीट जवळपास पक्कं झालं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.

महिन्याभरात जावेची आई त्याच तापानं गेली. नवरा तिकिटाच्या धावपळीत होता, म्हणून ती एकटीच जावेच्या माहेरी भेटायला निघाली. वाटेत एका दवाखान्यात शिरली, खुर्चीवर बसली आणि तिनं बाही वर केली.

"पहिला डोस की दुसरा?" नर्सनं विचारलं.

"दुसरा. केव्हाच घ्यायचा होता हो, पण घरातून एकटं निघायला काही निमित्तच मिळत नव्हतं."