एक पेपर

“अंगात एवढा ताप असताना आत जायचं नाही, घरी चल,” परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी लेकीचा दंड धरून कोपर्डे सर दबक्या आवाजात सांगत होते. “अगं, नुसता फॉर्म भरला तर काही नाही, पण एक पेपर जरी दिलास तरी अटेम्प्ट मोजतात, आणि ते मोजकेच मिळतात.”

धाकट्या बहिणीला सोडायला आलेली सुनेत्रा मागेच उभी होती. तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे सरांना माहीत होतं! ती त्यांच्या क्लासला नवीन असताना तिला मात्र ते म्हणाले होते, “अभ्यास नसला तरी बसून ये. एका पेपरनंतर उठलीस तर मोजत नाहीत.” जाहिरातीत परीक्षेला बसलेल्यांचा आकडा फुगवायचा होता ना! पुढे ती मुलाखतीपर्यंत जाऊन हुकली, तेव्हा पुन्हा बसायला संधीच उरली नव्हती.

सरांचा हसरा फोटो छापलेल्या पिशव्या घेऊन क्लासची नवी मुलं रांगेत होती. त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सुनेत्रा म्हणाली, “सर, लेकीला सांगितलंत ते यांनाही सांगा की! एक पेपर दिला तरी मोजतात म्हणून.”

सर चपापले. “बाळा, आपण नंतर बोलू.”

“बाबा, यांना तुम्ही वेगळं सांगितलंत?” लेकीनं विचारलं.

रांगेतली एक मुलगी बाहेर आली आणि पिशवी सरांच्या पायाशी टाकून माघारी चालू लागली. मग दुसरी पिशवी पडली, तिसरी पडली. सर वाकून आपले हसरे चेहरे गोळा करू लागले. शेवटच्या पिशवीला हात घातला, तर तिच्यावर सुनेत्राची चप्पल होती.