भीड चेपलेलं पाखरू

पाखरू रोझेरच्या तळहातावर बसलं होतं आणि उडत नव्हतं. खिडकीची काच वर सरकवलेली, घरभर गार वारा, आणि म्हातारा चाकांच्या खुर्चीतून अर्धा बाहेर झुकलेला. ओडील वाटाण्याचं सूप चुलीवर तसंच टाकून धावली.

"हळू ये," तो कुजबुजला. "बघ, आपणहून आलं. सगळा जन्म दाणे घातले, आज कुठे एकाची भीड चेपली."

सिस्किन होतं. चिमणीहून लहान, पंखावर पिवळी रेघ. यंदा उत्तरेच्या जंगलात झाडांना बी धरलं नव्हतं, म्हणून ही पाखरं थव्याथव्यानं इकडे अमेरिकेच्या मेन राज्यात उतरली होती आणि रोझेरच्या खिडकीबाहेर टांगलेल्या, कारळ्याचे दाणे भरलेल्या नळीला दिवसभर लोंबकळत होती. झटक्यानं डावं अंग गेल्यापासून म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा होता. जेवायलासुद्धा तो तिथून हलत नसे.

ओडीलनं नीट पाहिलं. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारच्या व्हर्नानं रविवारी चर्चबाहेर तिला बजावलं होतं, की पाखरांत रोग पसरलाय, नळी उतरव. एकाची घाण दाण्यांत पडते आणि दुसरं तेच खातं. ओडीलनं मान डोलावली होती आणि घरी येऊन मूग गिळून बसली होती. नवऱ्याला हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

"रोझेर, ते आजारी आहे रे."

"तुझं आपलं काहीतरीच. चांगलं गुबगुबीत तर आहे."

"थंडी सोसवत नाही म्हणून फुगलंय. अंगात त्राण नाही, म्हणून बसलंय तुझ्या हातावर. व्हर्नाकडे अशीच मेली. तिनं नळी काढली, तर आता सगळी आपल्याकडे येतायत."

"व्हर्नाला म्हणावं, तू तुझ्या अंगणापुरतं बघ." मग त्याचा आवाज खाली आला. "आणि मी दिवसभर काय बघू गं? बर्फ?"

 ओडीलनं बूट चढवले, बाहेर जाऊन आकड्यावरची नळी काढली आणि उरलेलं कारळं कचऱ्याच्या पिशवीत ओतलं. तो आतून बघतोय हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतल्यासारखं वाटून तिला रडू आलं.

ती आत आली तेव्हा पाखरू त्याच्या मांडीवर पडलं होतं, मान कलंडलेली. तिनं ते कागदात गुंडाळलं आणि खिडकीची काच खाली ओढली. साबणाचं पाणी आणून त्याचा उजवा हात बोटाबोटानं धुतला. त्यानं धुऊ दिला. 

बाहेर थवा पुन्हा उतरला होता. नळी नव्हती, तर पाखरं खालच्या बर्फात सांडलेली, घाणीनं माखलेली टरफलं टिपत होती.

"फावडं घेऊन येते," ओडील म्हणाली. "तेही उचलते सगळं."

तिची पाठ वळते न वळते तोच धप्पकन आवाज झाला. ज्या माणसानं नातवंडांना त्या खिडकीपाशी कधी मोठ्यानं बोलू दिलं नव्हतं, तो धडधाकट हातानं काचेवर थापा मारत होता. पाखरं भुर्रकन उडाली, कुंपणावर बसली आणि एकेक करून परत खाली आली.

त्यानं पुन्हा हात उगारला. "घाबरा रे," तो त्यांना म्हणत होता. "मला घाबरा जरा."