बुटातला कोळी

पत्र येऊन वर्ष झालं, तरी मर्विननं उत्तर दिलं नव्हतं. ‘माझ्या लेकीला कोळी चावला. तुमच्यासारख्यांनी सर्पोद्यानात नेऊन दिलेल्या कोळ्यांच्या विषापासून बनलेल्या प्रतिविषानं ती वाचली,’ असं सिडनीतल्या एका आईनं लिहिलं होतं.

“लिही की दोन ओळी,” बायको डॉरीन म्हणाली.

“काय लिहू? बुटात तो काळा कोळी निघाला, तेव्हा तू ओरडलीस, ‘ठेच त्याला, भित्र्या!’ माझा हातच उठेना, म्हणून कसाबसा बरणीत ढकलला आणि सर्पोद्यानात देऊन आलो.”

“मग तेच लिही.”

त्यानं तेच लिहिलं. शेवटी म्हटलं, ‘माझा भित्रेपणा कुणाच्या कामी आला, हे तुमच्यामुळे कळलं. आभारी आहे.’

पत्र टपालपेटीत टाकण्याआधी डॉरीननं खाली एक ओळ खरडली: ‘उभ्या जन्मात त्यानं माझं एकदाच ऐकलं नाही. देव पावला!’