लोकरीचं माप

शकुनताईंची भाची श्वेता नर्सना स्तनपानाचं प्रशिक्षण देते. बाहुलीला पाजून दाखवायला तिला लोकरीचा स्तन हवा होता. "मावशी, विणून देशील? उद्घाटन डॉक्टर सान्यालांच्या हस्ते आहे. आधी तेच करून दाखवणार."

नाव ऐकून शकुनताई म्हणाल्या, "देते की."

चाळीस वर्षांपूर्वी कोलकात्यातल्या एका इस्पितळाच्या वॉर्डात याच सान्यालांनी दहा विद्यार्थ्यांसमोर त्यांचा पदर बाजूला करून सांगितलं होतं, "असल्या छातीला मूल लागत नसतं. बाटली सुरू करा." दूध पदरात झिरपत राहिलं आणि त्यांचा मिहीर बाटलीवर वाढला.

कोलकात्याजवळच्या न्यू टाउनचं सभागृह नर्सनी भरलं होतं. सान्यालांनी बाहुली आडवी धरली, उभी धरली, पण तिच्या तोंडात काही येईना. मागच्या रांगांत खसखस पिकली.

"बोंडच आत गेलंय. कुणी विणलं हे?" ते वैतागले.

श्वेताने दोन बोटांनी लोकर दाबून बाहुलीचं तोंड नीट लावून दाखवलं. "अशा आयांचंही बाळ लागतं, सर. शिकवावं लागतं."

शकुनताई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या.



"मी विणलं, डॉक्टर. माप माझंच आहे."